सोलापूर किती घरांचं?

माहीत नसलं तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणावं, हा शिष्टाचार आमच्या सोलापुरात फारसा रुजला नाही. सात रस्त्यावर उभं राहून कुणालाही कुठलाही पत्ता विचारा. माणूस हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चार पावलं चालेल, उजवा हात खांद्यापासून लांब करील आणि सांगेल, “हे असं सरळ जावा, अन् पुढं गेल्यावर कुणालाबी विचारा.” या उत्तरात पत्त्याचा अंशही नसतो, पण आपुलकी इतकी असते की आपण खरोखरच सरळ चालू लागतो.

निवृत्तीनंतर माझं ज्याच्याशी रोजचं बोलणं असतं, त्या टर्मिनलचा स्वभाव नेमका उलटा. टर्मिनल म्हणजे संगणकावरची ती अक्षरांची खिडकी. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचं. आज्ञेचं उत्तर आतला प्रोग्रॅम देतो, पण प्रश्न खुद्द खिडकीलाच विचारला आणि तिला तो कळला, तर पापणी लवायच्या आत उत्तर येतं. नाही कळला तर काहीच येत नाही. ‘समजलं नाही’ नाही, ‘परत बोला’ नाही, ‘पुढं विचारा’ तर मुळीच नाही. विचारणारा आपला कान देऊन बसलेला आणि समोर सगळं ढिम्म.

टर्मिनलला प्रश्न विचारायची पाळी माझ्यावर आणली ती एका उभ्या रेघेनं. साखर पेठेतले एक चादरींचे व्यापारी माझे स्नेही आहेत. त्यांच्या दुकानातल्या मालाची यादी एका साध्या फायलीत असते आणि मी लिहिलेली एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांची चिठ्ठी, संध्याकाळी तिचा तक्ता मांडते : माल, नग, दर, मध्ये उभ्या रेघा. नावं इंग्रजीत होती तोवर रेघा ओळंब्यात होत्या. मग मालकांनी हौसेनं सगळी नावं मराठीत करून घेतली, आणि चादर, टॉवेल, नॅपकिन, सतरंजी असं करत रेघ खाली उतरेपर्यंत सापासारखी वळली.

“सर, हिशेब बरोबर आहे,” मालक पडद्याकडं बघत म्हणाले, “पण ही रेघ डुलाय लागलीय की.”

ज्या गावाचं पोट ताणा सरळ राहण्यावर चालत आलं, तिथं बेरजेतली चूक एक वेळ खपेल, वाकडी रेघ खपायची नाही. पॉवरलूमसमोर आयुष्य काढलेल्या डोळ्याला एका सुताचाही फरक दिसतो. तेव्हा रेघ सरळ करणं भाग होतं, आणि त्यासाठी एका वरवर बावळट प्रश्नाचं उत्तर हवं होतं : एखादा मराठी शब्द पडद्यावर किती जागा घेतो?

टर्मिनलचा पडदा म्हणजे आखलेला चौकटींचा कागद. एका घरात एक अक्षर. इंग्रजीचं बरं आहे. चार अक्षरं, चार घरं, संपला विषय. आता ‘सोलापूर’ घ्या. संगणकाच्या साठवणीत हा शब्द २१ बाइटांचा आहे. युनिकोडच्या हिशेबात तो ७ चिन्हांचा, कारण स वेगळा आणि त्याचा काना-मात्रा वेगळा, ल वेगळा आणि त्याचा काना वेगळा, प वेगळा आणि त्याचा ऊकार वेगळा. एकट्या र ला कुणी चिकटलेलं नाही. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी रुंदी मोजण्याचं एक कोष्टक लिहिलं, ते कितीतरी टर्मिनलांनी उचललं. त्यात शेजारी बसणाऱ्या कान्याला स्वतःचं घर मिळतं. खाली लोंबणारा ऊकार, डोक्यावरचा अनुस्वार आणि हलन्ताचा पाय मात्र फुकट राहतात. त्या कोष्टकानं ‘सोलापूर’ ६ घरांचं होतं. आणि शाळेत आम्हाला बाईंनी शिकवली ती अक्षरं मोजली, सो-ला-पू-र, तर ४. काही नवी टर्मिनलं अशीच जोडून मोजतात.

एकवीस, सात, सहा, चार. महानगरपालिकेच्या हद्दवाढीतसुद्धा सोलापूरच्या आकाराबद्दल एवढे मतभेद झाले नसतील.

यातलं खरं कुठलं, हा वाद ग्रंथांत बघून मिटत नाही. तो मिटवायचा एकच मार्ग : शब्द पडद्यावर छापायचा आणि टर्मिनललाच विचारायचं, “बाबा रे, आता कर्सर कुठं उभा आहे?” छापण्याआधी पहिल्या रकान्यात असलेला कर्सर छापल्यावर सातव्यात पोचला, तर शब्द ६ घरांचा. पाचव्यात पोचला, तर ४ घरांचा.

विचारायची भाषा ठरलेली आहे. ‘एस्केप’ हे अदृश्य चिन्ह, मग उघडा चौकोनी कंस, मग ६ हा आकडा आणि शेवटी इंग्रजी एन. एवढी चार चिन्हं पडद्याकडं पाठवली की ती दिसत नाहीत. टर्मिनल ती गिळतं आणि जबाब देतं : एस्केप, कंस, ओळीचा क्रमांक, अर्धविराम, रकान्याचा क्रमांक, आर. इथवर सगळं सभ्य आहे. गंमत पुढं आहे. हा जबाब कुठल्या खास दारानं येत नाही. तो कीबोर्डच्याच वाटेनं येतो, जणू समोर बसलेल्या माणसानंच बोटांनी टंकला. स्क्रिप्टला कळायला काहीच मार्ग नाही, की हे मालक बोलले की भिंत बोलली.

म्हणून प्रश्न विचारण्याआधी मोठी पूर्वतयारी लागते. मुळात समोर टर्मिनल आहे का, हे आधी बघायचं. कारण एखादी स्क्रिप्ट रात्री-अपरात्री आपोआप चालते तेव्हा पडदा नसतो, आणि नसलेल्या माणसाला ‘कुठं आहेस’ विचारणं वेडेपणाचं. मग चालू मांडणी एका बाजूला जपून ठेवायची. मग ‘एसटीटीवाय’ या आज्ञेनं दोन गोष्टी बंद करायच्या. पहिली, आलेलं अक्षर पुन्हा पडद्यावर उमटवण्याची सवय. नाहीतर जबाब तक्त्याच्या मधोमध छापला जातो. दुसरी, एंटर दाबेपर्यंत थांबण्याची सवय. कारण टर्मिनल बिचारं जबाब देतं, पण एंटर दाबत नाही. त्यानंतर किती वेळ वाट बघायची तेही सांगायचं, सेकंदाच्या दहाव्या भागांत. जबाब वाचायचा, आणि मांडणी होती तशी परत ठेवायची. मध्येच कुणी कंट्रोल-सी दाबून उठलं तरी ती परत जागेवर जाईल, याचाही बंदोबस्त करायचा. नाहीतर टंकलेलं काहीच दिसत नाही आणि मालक समजतात, मशीन रुसलं.

चार चिन्हांचा प्रश्न आणि त्याभोवती वीस ओळींचा शिष्टाचार. आमच्याकडं सोयरिकीचं बोलणं यापेक्षा लवकर उरकतं.

ही विचारपूस फार जुनी आहे. टेलेक्सच्या काळात यंत्रावर ‘तू कोण?’ अशी एक कळ असायची. मुंबईच्या कचेरीतून ती दाबली की दूरच्या गावातलं यंत्र, तिथं माणूस नसला तरी, आपली ओळख टंकून पाठवायचं. मजकूर योग्य घरी पोचतोय, याचा तो पुरावा. तीच कळ पुढं संगणकाच्या चिन्हसंचात ५ व्या क्रमांकावर जाऊन बसली, आणि अजून तिथंच आहे. ‘पुटी’ नावाचं एक लोकप्रिय टर्मिनल आजही त्या पाचव्या चिन्हाला इमानानं आपलं नाव सांगतं. एखादी चित्राची किंवा प्रोग्रॅमची फाइल कुणी या खिडकीत नुसतीच ओतली, तर तिच्या पोटात ते चिन्ह ठिकठिकाणी सापडतं आणि शेवटी आज्ञेच्या ओळीवर ‘पुटीपुटीपुटीपुटी’ असं उमटतं. हा प्रकार इतक्यांना भेडसावला, की त्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. हजेरी घेणाऱ्या मास्तरांनी एकाच मुलाचं नाव दहादा घ्यावं, आणि त्यानं दहाही वेळा उभं राहून ‘हजर’ म्हणावं, इतका तो भाबडेपणा आहे.

‘तू कोण’ हा प्रश्न विचारायची गरज तरी का पडावी? टर्मिनलचं नाव ‘टर्म’ नावाच्या एका पाटीवर लिहिलेलं असतं की. बर्कलीच्या बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टर्मिनलांच्या गुणदोषांची एक वहीच बनवली होती. कुणाचा पडदा कसा पुसायचा, असं सगळं नोंदलेलं. पाटीवरचं नाव वाचायचं, वहीत बघायचं, की झालं. अडचण अशी झाली, की पाटीवर कुणी खरं नाव लिहीना. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या ‘एक्सटर्म’ची पत मोठी, सगळे प्रोग्रॅम त्याला ओळखतात. म्हणून नंतर आलेलं जे ते टर्मिनल आपल्या पाटीवर ‘एक्सटर्म’ लिहून मोकळं.

आणि तोंडी विचारलं, तर आणखी गंमत. एस्केप, कंस, सी असं विचारलं की टर्मिनलनं आपला दर्जा सांगायचा असतो. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हीटी-१०० नावाचं, २४ ओळी आणि ८० रकान्यांचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या जास्त सोयींच्या आवृत्तीचं उत्तर ‘१, २’ असं यायचं. ती यंत्रं गेली. कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकनं घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विरघळली. पण परवा बनलेलं एखादं टर्मिनलही ‘तू कोण’ म्हटलं की छाती काढून सांगतं : मी व्हीटी-१००. आजोबांच्या नावानं उधारी चालू आहे, आणि दुकानदार ती देतायत.

म्हणून अनुभवी माणूस पाटी वाचून थांबत नाही, दर्जा ऐकूनही हुरळत नाही. जे काम करून घ्यायचं, नेमकं तेवढंच विचारतो. कर्सर कुठं आहे? तुझ्या पाठीमागचा रंग काळा की पांढरा? एखादा पडदा किती मोठा आहे हे शोधायची तर एक झकास युक्ती आहे. कर्सरला सांगायचं, ९९९ व्या ओळीतल्या ९९९ व्या रकान्यात जा. तो बिचारा जाईल तेवढा जातो आणि कोपऱ्यात अडकतो. मग विचारायचं, कुठं पोचलास? जे सांगेल, तोच पडद्याचा आकार.

पण न कळलेल्या प्रश्नाला येणाऱ्या त्या शांततेचं काय? उत्तर उशिरा येतंय, की येणारच नाही? याचा तोडगा मला मालकांच्या गादीवर बसल्या बसल्या समजला. या दुकानात अक्कलकोटकडचं कानडी गिऱ्हाईक येतं, पाच्छा पेठेतलं तेलुगू येतं, पंढरपूरहून परतणारं मराठी येतं आणि उर्दू बोलणारे शेजारी तर रोजचेच. मालक कपड्यांवरून किंवा आडनावावरून अंदाज बांधत नाहीत. सोलापुरात असा अंदाज हमखास चुकतो. ते हळूच विचारतात, “एम कावाली?” आणि तेवढ्याच दमात मराठीत जोडतात, “चहा घेणार ना?” पहिल्याचं उत्तर तेलुगूत आलं, तर पुढचा सगळा सौदा तेलुगूत. पहिल्याला काहीच नाही आणि थेट चहाला ‘नको, आत्ताच झाला’ असं आलं, की मालक समजले. मग ताटकळत बसायचं कारण उरत नाही. कारण चहाला उत्तर देत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

टर्मिनलच्या जाणकारांची रीत हीच आहे. शंकेचा प्रश्न आधी विचारायचा, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ ‘तू कोण’ हा दर्जाचा प्रश्न, ज्याला बहुतेक सगळी टर्मिनलं उत्तर देतात. जबाब विचारलेल्या क्रमानंच येतात. तेव्हा दर्जाचं उत्तर एकटंच आलं, तर आधीचा प्रश्न त्याला कळलाच नाही, हे पक्कं. शांततेचा अर्थ लावायला घड्याळ लागत नाही.

कधी कधी मात्र कळूनही टर्मिनल गप्प बसतं, आणि ते शहाणपणाचं असतं. जबाब कीबोर्डच्या वाटेनं येतो, हे आपण पाहिलं. पूर्वी खिडकीच्या मथळ्यात काय लिहिलंय असं विचारता यायचं. एखादा लबाड आधी मथळ्यात आज्ञा लिहायचा, मग मथळा विचारायचा, आणि ती आज्ञा जणू मालकानंच टंकली अशी समोर यायची. म्हणून एक्सटर्म आता असल्या प्रश्नांना, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, दाद देत नाही.

मालकांची ती एकाच ओळीत भाषा बदलायची सोलापुरी खोड संगणकालाही एकदा लावून झाली होती. पुण्याच्या सी-डॅकमध्ये, ही संस्था १९८८ ची, ‘जिस्ट’ नावाचं तंत्र वाढलं. त्याचं मूळ कानपूरच्या आयआयटीत. त्यासोबतची भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही चिन्हव्यवस्था १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात मराठीच्या क ला, तेलुगूच्या क ला आणि कानडीच्या क ला एकच आकडा होता. मजकुरात एक नियंत्रण-चिन्ह टाकून त्यापुढं लिपीचा संकेत दिला, की तेच आकडे देवनागरीऐवजी तेलुगूत उभे राहायचे. म्हणजे दुकानाची पाटी एकदाच लिहायची आणि गिऱ्हाईक बघून लिपी फिरवायची. युनिकोडनंही या मांडणीचा साचा घेतला, पण प्रत्येक लिपीला वेगळा वाडा बांधून दिला. इस्कीच्या एकत्र कुटुंबात आमची चौथी भाषा, उर्दू, मात्र नव्हती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचाच तो गोतावळा होता.

असो, रेघ. नव्या स्क्रिप्टनं कोष्टकं वाचणं सोडलं. ती प्रत्येक नाव एकदा छापते, कर्सर कुठं आला ते विचारते, छापलेलं पुसते आणि आकडा लक्षात ठेवते. सगळी नावं मोजून झाली की मगच तक्ता मांडते. दुकानाच्या पडद्यावर रेघ ताण्यासारखी ताठ उभी राहिली. मालकांनी चहा मागवला, आणि मी तेवढ्यात पुण्याला भाच्याला फोन करून सांगितलं, की तूही तिथूनच जाळ्यावरून दुकानाच्या संगणकात शिरून स्क्रिप्ट चालवून बघ.

त्याचा फोन लगेच आला. “मामा, रेघ इथंही सरळ आहे. पण ‘सोलापूर’ चार घरांचं दाखवतंय. तुमच्याकडं?”

“सहा.”

“आणि अजून एक. तक्ता संपल्यावर आज्ञेच्या ओळीवर काहीतरी आकडे सांडलेत. मी एंटर दाबलं, तर म्हणतंय ‘अशी आज्ञा सापडली नाही’.”

ते आकडे म्हणजे उशिरा आलेला जबाब. पुणे-सोलापूर अंतर प्रकाशाला काहीच नाही, पण मधल्या जाळ्यात कुठंतरी खोळंबा झाला. स्क्रिप्ट वाट बघून उठून गेली आणि मग टर्मिनलचा जबाब पोचला. ऐकणारा गेल्यावर आलेलं उत्तर हे उत्तर राहत नाही. ते तिथं जो कुणी बसला असेल त्याच्या पदरात हुकूम म्हणून पडतं. मी वाट बघायची मर्यादा थोडी वाढवली. गप्प टर्मिनलसमोर जरा जास्त ताटकळावं लागेल, पण पाहुणा उंबऱ्यावरून परत जाणार नाही. कचेऱ्यांत जुन्या अर्जाचं उत्तर नव्या साहेबाच्या टेबलावर येतं तेव्हाचे घोळ आठवले, की एवढी दक्षता परवडते.

मालक हे सगळं ऐकत होते. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मग खरं किती घरांचं, सर? चार की सहा?”

“दोन्ही खरं. ज्या पडद्यावर दिसतंय, त्याला विचारायचं.”

“म्हणजे समोरचा बघितल्याशिवाय आकडा बोलायचा नाही.” त्यांना ते एवढ्या चटकन पटलं, की माझीच पंचाईत झाली. “आमच्याकडं दराचं तसंच असतंय की.”

मग त्यांनी यादी पुन्हा वर सरकवली, रेघेवरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि पुढचं काम सांगितलं. शेजारच्या दुकानदारालाही असाच तक्ता पाहिजे, आणि त्यांची नावं उर्दूत आहेत. उर्दू उजवीकडून सुरू होते. तेव्हा नाव छापून झाल्यावर कर्सर शब्दाच्या कुठल्या टोकाला उभा आहे, हे टर्मिनलला कसं विचारायचं, याच्या मागे मी सध्या लागलो आहे. आणि एक-दोन टर्मिनलांनी आतापर्यंत जे सांगितलं, त्याचा मथितार्थ एवढाच निघतो, की सरळ जावा, अन् पुढं कुणालाबी विचारा.